सलग

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा आप्पांनी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. जमिनीचे कागद त्यांच्या ताब्यात असतात आणि ते सहसा कुणाच्या हाती लागू देत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःहून पुडकं सोडलं. जुने सातबारे, फेरफाराचे उतारे आणि घड्यांवर चिरत चाललेला एक नकाशा. नकाशावर आजोबांच्या नावाचे पाच तुकडे होते. एक ओढ्याकाठी, दोन माळाला, एक गावठाणाला लागून आणि एक पार शिवेवर. त्या शिवेवरच्या तुकड्यात औत न्यायचं तर अर्धी सकाळ वाटेतच जायची.

पुढं एकत्रीकरण झालं. १९४७ सालच्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली महाराष्ट्रात गावोगाव ज्या योजना राबवल्या गेल्या, त्यातली एक आमच्याकडंही आली. पाच तुकड्यांच्या बदल्यात आजोबांना एका जागी सलग जमीन मिळाली. सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आला.

"पाचाचं एक झालं," आप्पा म्हणाले, "पण ओढ्याकाठची मळी गेली ती गेलीच."

मी नकाशावर बोट फिरवत होते आणि डोळ्यांपुढं दुसराच नकाशा येत होता. मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याच्या कामात आहे. त्यातही माझा जीव रमतो तो मेमरीत. मेमरीचे तुकडे का पडतात, ते परत सलग कसे करायचे, आणि ते करताना कुणाला थांबून राहावं लागतं, यात माझी कित्येक वर्षं गेली आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, की आमच्या घरात हा प्रश्न माझ्या जन्माआधीपासून आहे.

प्रोग्रामला वाटतं, आपल्याला सलग मेमरी मिळाली आहे. त्याच्या हातातला पत्ता कागदावरचा असतो. प्रत्यक्ष मेमरीत तो बाइट कुठं पडला आहे, हे कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ठेवलेल्या पेज टेबलात बघावं लागतं. कर्नल मेमरी वाटतो ती ४ केबीच्या तुकड्यांत, एक तुकडा म्हणजे एक पेज. आज बहुतेक सर्व्हरांत असतात त्या ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर पत्ता सहसा ४८ बिटांचा. त्याचे नऊ-नऊ बिटांचे चार भाग आणि उरलेले बारा बिट पेजच्या आतलं स्थान सांगणारे. म्हणजे एक पत्ता लावायचा तर चार दप्तरं उघडायची. जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट. प्रत्येक दप्तरात ५१२ नोंदी, प्रत्येक नोंद ८ बाइटची. गुणाकार केला की बरोबर ४,०९६ बाइट, म्हणजे दप्तरसुद्धा नेमकं एका पेजमध्ये बसतं. पहिल्यांदा हा हिशोब वहीत मांडला होता तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. इतकी नेटकी गोष्ट कुणीतरी बसून विचार करून ठरवलेली असते.

पण दर वेळी चार दप्तरं उघडत बसलं तर काम कधी व्हायचं? म्हणून प्रोसेसरजवळ एक छोटी स्मरणवही असते, तिला टीएलबी म्हणतात. नुकतेच लावलेले पत्ते तिच्यात असतात. पूर्वी गावचा कोतवाल कुणाचं शेत कुठं आहे हे दप्तर न उघडता सांगायचा, तसं. फक्त या कोतवालाच्या ध्यानात मोजकीच नावं राहतात. इंटेलच्या २०१५ सालच्या स्कायलेक प्रोसेसरात दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी मावतात. प्रत्येक नोंद ४ केबीच्या पेजची धरली तर एका वेळी ध्यानात राहते अवघी ६ एमबी मेमरी. मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा एक फोटो पडद्यावर उघडायचा तर त्याच्या सुमारे आठपट जागा लागते. आणि आपण बोलतोय १२८ जीबी, २५६ जीबीच्या सर्व्हरांबद्दल.

आता तीच नोंद ४ केबीऐवजी २ एमबीच्या पेजची असेल तर? शेवटचं दप्तर उघडावंच लागत नाही, गावापाशीच काम भागतं. आणि त्याच १,५३६ नोंदींत ६ एमबीच्या जागी ३ जीबी मेमरी बसते. कोतवाल तोच, त्याची स्मरणशक्तीही तेवढीच. जमिनीचे तुकडे मोठे झाले, एवढाच फरक. याला म्हणतात ह्यूज पेज, मोठं पेज.

सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल, म्हणजे खऱ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं यंत्र, आणि आता बहुतेक तसेच असतात, तर हे जास्तच जाणवतं. आतल्या कर्नलचं पेज टेबल वेगळं, बाहेरच्याचं वेगळं. टीएलबीत नोंद सापडली नाही तर एका पत्त्यासाठी मेमरीत चोवीस वेळा जावं लागू शकतं. आतल्या प्रत्येक दप्तराचा पत्ता लावायलाही बाहेरची चार दप्तरं उघडावी लागतात ना, म्हणून.

मग पेज पहिल्यापासून मोठं का नाही ठेवलं? हा प्रश्न मला नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, आणि मला तो फार आवडतो. कारण त्याचं उत्तर देताना मँचेस्टरला जाता येतं. तिथल्या विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲटलस नावाचा संगणक उभा केला. डिसेंबर १९६२ मध्ये तो रीतसर सुरू झाला. पेज ही कल्पना यंत्रात उतरली ती तिथं. ॲटलसचं पेज ५१२ शब्दांचं होतं, शब्द ४८ बिटांचा. म्हणजे आजच्या भाषेत ३,०७२ बाइट. मुख्य मेमरीत अशी ३२ पेजं मावायची आणि प्रत्येक पेजसाठी एक रजिस्टर होतं, म्हणजे ३२ च्या ३२ पेजांचे पत्ते कायम ध्यानात. तो कोतवाल कधी अडखळायचाच नाही! १९८५ साली इंटेलच्या ८०३८६ मध्ये पेजिंग आलं ते ४ केबीच्या मापानं. त्या काळी यंत्रात मेमरी असायची ती काही एमबी, त्यामुळं माप शोभूनही दिसायचं. मेमरी पुढं हजारो पटींनी वाढली. पेज ॲटलसच्या तीन केबीवरून चार केबीवर आलं आणि तिथंच थांबलं. मधल्या काळात सगळं जग त्या मापाभोवती बांधलं गेलं होतं. फाइल सिस्टिम, डिस्कचे ड्रायव्हर, प्रोग्रामांच्या आतले हिशोब, सगळीकडं चार केबी गृहीत.

मोठं पेज प्रोसेसरात नव्हतं असं नाही. पेंटियममध्ये ते ४ एमबीचं होतं, नंतर २ एमबीचं आलं, पुढं १ जीबीचंही आलं. अडचण कर्नलची होती. मोठं पेज द्यायचं तर मेमरीत सलग जागा हवी, आणि चालत्या यंत्रात सलग जागा राहत नाही.

आमच्या सर्व्हरांवर चालते त्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने आधी सरळ मार्ग धरला. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलमध्ये सोय होती, की यंत्र सुरू होतानाच अमुक इतकी मोठी पेजं बाजूला काढून ठेवा आणि ज्याला हवीत त्यानं ती मागून घ्या. मोठे डेटाबेस आजही हेच करतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून त्यासाठी वेगळी सेटिंग आहे आणि तिचा उपयोग नुसत्या वेगापुरता नाही. हिशोब करून बघा. डेटाबेसने १६ जीबी सामाईक मेमरी घेतली आणि तीनशे कनेक्शन आली. प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस, तिचं पेज टेबल वेगळं. १६ जीबीची ४ केबीची पेजं होतात ४१ लाख ९४ हजार ३०४, प्रत्येकाची नोंद ८ बाइटची, म्हणजे एका प्रोसेसमागं ३२ एमबी. सगळ्यांनी सगळी मेमरी हाताळली की तीनशे प्रोसेसांचे ९ जीबीच्या वर. एवढी मेमरी नुसती दप्तरात गेली, जमीन कुणी कसलीच नाही. २ एमबीची पेजं घेतली की हाच खर्च ५१२ पटींनी उतरतो.

पण आधी बाजूला काढून ठेवायची म्हणजे अडवूनच ठेवायची. कुणी वापरली नाहीत तरी ती दुसऱ्याला मिळत नाहीत. म्हणून मार्च २०११ मध्ये, २.६.३८ आवृत्तीत, अँड्रिया आर्कँजेली यांचं काम कर्नलमध्ये आलं. ट्रान्सपरंट ह्यूज पेज, थोडक्यात टीएचपी. प्रोग्रामने काही मागायचं नाही, त्याला काही कळायचंही नाही. कर्नलला सलग २ एमबी सापडली तर तो आपणहून मोठं पेज देणार. शिवाय केह्यूजपेजडी नावाचा कर्नलचा एक धागा, म्हणजे मागं चालू राहणारं एक काम, सावकाश फिरत राहणार आणि सुटी पेजं जोडून मोठं पेज करत जाणार. कल्पना किती उदार आहे बघा. जुन्यातला जुना प्रोग्राम, एक ओळ न बदलता, जास्त वेगानं धावेल.

आणि याच टीएचपीमुळं माझी एक रात्र गेली.

एका ग्राहकाची यंत्रणा होती. सगळा डेटा मेमरीतच ठेवणारा डेटाबेस, सर्व्हरला १२८ जीबी मेमरी, कर्नल ३.१० मालिकेतला, जुना. एरवी उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायचं. पण दर तासाला डेटाची प्रत डिस्कवर लिहायची वेळ झाली, की उत्तरं अडखळायला लागायची. कधी शंभर मिलिसेकंद, कधी त्याच्या कित्येक पट. आधी नेटवर्कवर संशय, मग डिस्कवर. फोनवर सगळे एकमेकांकडं बोट दाखवत होते. रात्री अडीचच्या सुमारास, पुढची प्रत सुरू व्हायच्या क्षणी, मी पर्फ, म्हणजे प्रोसेसरचा वेळ कुठं जातोय ते दाखवणारं साधन, लावून बसले. हात थंड पडले होते. यादी पडद्यावर आली तेव्हा लक्षात आलं, की त्या क्षणाला प्रोसेसर डेटाबेसचं काम करतच नव्हता. तो कर्नलच्या आत होता, आणि सगळ्यात वर दोन नावं होती, 'कॉपी यूजर ह्यूज पेज' आणि 'कॉम्पॅक्ट झोन'.

प्रत घेण्यासाठी डेटाबेस स्वतःचा एक जुळा निर्माण करतो. सुरुवातीला दोघांची मेमरी एकच असते, फक्त नोंदी दोन. मूळ डेटाबेसने एखाद्या पेजवर काही लिहिलं, की त्या पेजची वेगळी प्रत काढायची आणि त्याला द्यायची. पेज ४ केबीचं असेल तर ४ केबीची नक्कल, पण इथं पेज होतं २ एमबीचं. एक बाइट बदलायचा तर २ एमबीची नक्कल. आणि ती नक्कल ठेवायला हवी होती नवी, सलग २ एमबी जागा.

दुसऱ्या खिडकीत मी बडीइन्फो उघडलं. ही कर्नलची एक छोटी फाइल आहे. मोकळ्या मेमरीचे तुकडे किती मोठे आणि किती आहेत, ते तिच्यात अकरा रकान्यांत लिहिलेलं असतं. पहिल्या रकान्यात ४ केबीचे सुटे तुकडे, दुसऱ्यात ८ केबीचे, असं दुप्पट होत होत शेवटी ४ एमबीचे. डावीकडं आकडे लाखांत होते. मग उतार लागला. शेवटचे तीन रकाने: ०, ०, ०. सर्व्हरवर कित्येक जीबी मेमरी मोकळी होती आणि सलग १ एमबीसुद्धा तीत कुठं नव्हती. नुसतं सलग असून भागत नाही. मोठ्या पेजची सुरुवातही २ एमबीच्या ठरल्या हद्दीवरच व्हावी लागते.

अशा वेळी कर्नल एकत्रीकरण करायला घेतो. कॉम्पॅक्शन. हे मेल गॉर्मन यांचं काम, २०१० साली २.६.३५ मध्ये आलेलं, आणि त्याची रीत मला आजही बघत राहावीशी वाटते. दोघं निघतात. एक मेमरीच्या खालच्या टोकापासून वर येतो आणि हलवता येतील अशी वापरातली पेजं गोळा करतो. दुसरा वरच्या टोकाकडून खाली येतो आणि मोकळी पेजं हेरत जातो. पहिल्याने उचललेली पेजं दुसऱ्याने हेरलेल्या जागी नेऊन ठेवायची. मधे कुठंतरी दोघांची गाठ पडते, फेरी संपते, आणि खालच्या अंगाला सलग मोकळं रान तयार होतं. प्रत्येक पेज हलवलं की त्याचा फेरफार पेज टेबलात घालायचा, मग प्रोसेसरच्या सगळ्या कोअरांना दवंडी पिटायची, की जुना पत्ता विसरा.

त्या रात्री हे सगळं चाललं होतं एका ग्राहकाच्या एका साध्या विनंतीच्या मधोमध. ती विनंती दारात उभी होती, आणि आत गावभर मोजणी चालू होती.

पहाटे आम्ही सेटिंगच्या फाइलीत 'नेव्हर' लिहिलं. टीएचपी बंद. अडखळणं थांबलं. सकाळच्या बैठकीत सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला, आणि ती ओळ आमच्या प्रत्येक नव्या सर्व्हरच्या तयारीत जाऊन बसली. जगभर हेच झालं होतं. कित्येक डेटाबेसांच्या मार्गदर्शनात टीएचपी बंद करा, असं स्पष्ट लिहिलेलं असायचं.

मला ती ओळ तेव्हा पटली होती. आज पटत नाही, आणि हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच. मोठं पेज वाईट नव्हतंच. ते ज्या वेळी मिळवायला घेतलं ती वेळ वाईट होती. पेरणीच्या दिवशी मोजणीदार शेतात उभा राहिला तर शेतकरी चिडणारच. पण म्हणून जमिनीचे तुकडे तसेच राहू द्यावेत, असं कुणी म्हणत नाही. आणि हे कर्नल लिहिणाऱ्यांना कळलं नव्हतं असंही नाही. २०१६ च्या ४.६ आवृत्तीत गॉर्मन यांनीच नियम बदलला. ज्या प्रोग्रामने मोठी पेजं आपणहून मागितली असतील त्याच्यासाठीच एकत्रीकरण जागेवर करायचं, बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं नाही. २०२० च्या ५.८ मध्ये नकलेचाही प्रश्न सुटला. जुळ्याबरोबरच्या सामाईक मोठ्या पेजवर लिहायची वेळ आली, की आता पेज फोडून फक्त ४ केबीची नक्कल होते. म्हणजे त्या रात्री मी पडद्यावर पाहिलेली दोन्ही दुखणी कर्नलमध्ये बरी झाली. आमच्या फाइलीतली 'नेव्हर' मात्र तशीच होती. ती कुणी लिहिली, कशासाठी, हे नव्या मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

ती काढायची वेळ आली ती जावामधल्या एका मोठ्या हिशोबाच्या कामामुळं. रात्री सुरू होऊन ते पहाटे पाचपर्यंत चालायचं. टीएलबी किती वेळा हुकतोय हे मोजलं तर आकडा बघवेना. तिथं मी 'नेव्हर'च्या जागी 'एमॲडव्हाइज' लिहिलं, म्हणजे जो मागेल त्यालाच, आणि जावाला मोठी पेजं मागायला सांगितलं. काम चारच्या आत आटोपलं. कोडची एक ओळ कुणी बदलली नव्हती. सोबतची मुलगी म्हणाली, "ताई, एवढंच होतं?" एवढंच होतं, पण ते कधी करायचं आणि कुणासाठी करायचं, हे कळायला बारा-तेरा वर्षांचं काम लागलं होतं, आणि ते जगातल्या कित्येकांनी मिळून केलं होतं. मोंगोडीबी या डेटाबेसने वर्षानुवर्षं दिलेला बंद करण्याचा सल्ला २०२४ च्या ८.० आवृत्तीपासून उलटा केला, हे वाचलं त्या दिवशी मला घरातलंच काही चांगलं झाल्यासारखं वाटलं.

दुसरी वाट आधीपासून होती, हेही सांगायला हवं. २००२ साली नवारो, अय्यर, ड्रुशेल आणि कॉक्स या चौघांनी राइस विद्यापीठातून एक शोधनिबंध दिला. त्यांची रीत अशी: प्रोग्रामने मेमरीचा पहिला तुकडा मागितला की त्याला तुकडाच द्यायचा, पण त्याच्या शेजारची सलग जागा राखून ठेवायची. तो हळूहळू ती भरत गेला की शेवटी सगळं मिळून एक मोठं पेज. मधेच दुसऱ्या कुणाला नड पडली तर राखीव जागा मोडून द्यायची. २००९ च्या ७.२ आवृत्तीपासून फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे आहे. लिनक्स आधी देऊन टाकतो, फ्रीबीएसडी भरलेलं बघून देतो. मला मनापासून दुसरी रीत जास्त आवडते. तिच्यात घाई नाही, आणि जागा वायाही जात नाही.

वाया जाणं ही टीएचपीची खरी दुखरी बाजू आहे. प्रोग्रामने एक बाइट हाताळला तरी २ एमबी त्याच्या नावावर चढते. केह्यूजपेजडीची मुळातली सेटिंग अशी आहे, की ५१२ पैकी ५११ पेजं रिकामी असली तरी तो ती जोडून मोठं पेज करून टाकतो. यावर आपल्याकडं मोलाचं काम झालं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आशिष पनवार आणि के. गोपीनाथ, आणि दिल्ली आयआयटीतले सोरव बन्सल यांनी २०१९ साली हॉकआय नावाची रचना मांडली. मेमरीची नड भासू लागली की मोठ्या पेजच्या आत नुसती शून्यं भरलेली पेजं शोधायची आणि ती परत घ्यायची. शिवाय मोठं पेज देण्याआधी ते शून्यांनी पुसावं लागतं, तो वेळही प्रोग्रामच्या वाट्याला येऊ नये म्हणून पेजं आधीच पुसून तयार ठेवायची. तो निबंध मी छापून घेतला आहे, समासात पेन्सिलीच्या खुणा करकरून. २०२० मध्ये ५.९ कर्नलमध्ये नितीन गुप्ता यांनी आणलेलं कॉम्पॅक्शनही याच जातीचं. मागणी यायच्या आधीच, फावल्या वेळात, थोडं थोडं एकत्रीकरण करत राहायचं.

लॅपटॉप आणि मोबाइलही आता मोठ्या पेजच्या वाटेला लागले आहेत. ॲपलच्या एम१ मध्ये पेज १६ केबीचं आहे. २०२४ च्या अँड्रॉइड १५ ने १६ केबीला जागा करून दिली. ज्या ॲपांत ४ केबी गृहीत धरून बांधलेल्या जुन्या लायब्ररी आहेत, त्या सगळ्यांना हात लावावा लागला. लिनक्समध्येही मार्च २०२४ च्या ६.८ पासून ४ केबी आणि २ एमबीच्या मधली मापं मिळू लागली आहेत, १६ केबी, ३२ केबी, ६४ केबी. सगळ्यांना एकच मोठा गट कशाला? ज्याला जेवढं झेपेल तेवढं द्यावं.

आप्पांशी मी यातलं थोडंफार बोलले. सर्व्हर म्हणजे काय हे त्यांना साधारण माहीत आहे, बाकी मी गावच्या भाषेत सांगितलं. पेज हलवलं तरी प्रोग्रामच्या हातातला पत्ता बदलत नाही, त्याला कळतही नाही की आपण कुठून कुठं गेलो, हे ऐकून ते जरा वेळ गप्प बसले.

"तुमच्या आजोबांना कळलं होतं," ते म्हणाले. "कागद झाले, कब्जा झाला, तरी दोन वर्षं सकाळी उठून ओढ्याकडंच चालायचे. मळीच्या बांधावर बसून यायचे. ज्याला ती जमीन गेली तो भला माणूस. काही म्हणायचा नाही, उलट चहा द्यायचा."

संध्याकाळी आम्ही शेतात गेलो. रब्बीसाठी शेजारच्या मुलाचा ट्रॅक्टर लावला होता. आमचा गट सलग आहे, पण मधोमध म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला एक दगड, शेजारी करंजाचं झाड. एकत्रीकरणाच्या वेळी गावातले सगळे तुकडे इकडचे तिकडे झाले, म्हसोबा जिथल्या तिथं राहिला.

कर्नलच्या मेमरीतही असे म्हसोबा असतात. एखाद्या डिव्हाइसला पत्ता देऊन टाकलेला असतो, कर्नलच्या स्वतःच्या नोंदी असतात, त्यांना हलवता येत नाही. २ एमबीच्या रानात असं एक ४ केबीचं पेज बसलं की ते रान मोठ्या पेजसाठी कायमचं अडलं. म्हणून २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ पासून कर्नल हलणारी आणि न हलणारी पेजं शक्यतो वेगवेगळ्या भागांत ठेवतो. एखादं पेज दीर्घ काळासाठी जखडायचं झालं आणि ते हलणाऱ्यांसाठी राखलेल्या भागात असेल, तर आता कर्नल आधी ते तिथून बाहेर काढतो, मग जखडतो. हे मी आप्पांना सांगितलं.

"देव बसवायच्या आधी बांधाला न्यायचा म्हण की."

"हो."

"आमच्या आज्यांना हे सुचलं नाही," ते म्हणाले आणि दगडापुढची वाळलेली पानं हाताने बाजूला केली. ट्रॅक्टर जवळ आला तसा मुलाने नांगर उचलला, करंजाला वळसा घातला आणि पलीकडं पुन्हा खाली सोडला. दगडाभोवती दोन-अडीच हातांचं गोल रान तसंच राहिलं, न नांगरलेलं, हिरवं.